गोष्टीला वळण कोण देतं?

(किशोरी मुलींचे वाचन-गट चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)

तुम्ही मला विषय दिलात तो असा : शाळकरी मुलींना कथानक आणि प्रतीक कसं शिकवायचं. विषय सांगितला गेला तेव्हा काही जणींनी एकमेकींकडे बघितलं, ते मला दिसलं. साहजिक आहे. कोणाकडे नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई येऊन बसली आहे, कोणाला उद्या पोलीस स्टेशनला जायचंय, कोणाच्या गावात पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न ठरतंय. अशा वेळी कथानक आणि प्रतीक हे शब्द म्हणजे मराठीच्या बाईंचा तास वाटतात. तर मी मराठीचीच बाई आहे. बरीच वर्षं हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीचे वर्ग घेतले आणि शाळा सुटल्यावर वस्तीतल्या मुलींचे वाचन-गट घेतले. त्यातून माझं जे मत झालंय ते आधीच सांगून टाकते. गोष्टीला हे वळण कोणी दिलं, असं विचारायची सवय ज्या मुलीला लागते, तिला आपल्याबद्दल घरात ठरतं ते सगळं नशिबानेच ठरतं असं वाटत नाही. म्हणून हा विषय आपल्या कामाचा आहे, फावल्या वेळचा नाही.

वर्गात काय चालतं ते बघा. धडा वाचून होतो. मग प्रश्न येतो, या पाठातून काय बोध मिळतो? सगळ्यांचं उत्तर एकच असतं, कारण ते गाइडमध्ये असतं. दहावीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ म्हणून वेगळा प्रश्न असतो. स्वमत म्हणजे स्वतःचं मत. मुली तेही गाइडमधून पाठ करतात. वर्गातल्या पन्नास मुलींचं स्वमत एक, शब्दन्‌शब्द एक! मी मुलींना दोष देत नाही. मार्कांचा प्रश्न असतो. शिवाय तुला काय वाटतं हे जिला घरात कोणी कधी विचारलं नाही, तिला ते परीक्षेच्या तीन तासांत एकदम कुठून सुचणार? ते विचारण्याची जागा दुसरीकडे कुठेतरी असायला हवी. आपले गट ती जागा होऊ शकतात.

आता कथानकाकडे येऊ. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने १९२७ साली कादंबरीवर व्याख्यानं दिली. त्यात त्याने गोष्ट आणि कथानक यांतला फरक एका छोट्या उदाहरणाने सांगितला, आणि ते उदाहरण जगभरच्या वर्गांत अजून सांगतात. राजाच्या मरणानंतर राणीही मेली, एवढंच सांगितलं तर ती नुसती गोष्ट. एकामागून एक घडलेल्या घटना. पण राणी राजाच्या दुःखाने मेली असं सांगितलं, की ते कथानक झालं, कारण आता एक घटना दुसरीला कारणाने जोडली गेली. मुलींना हा फरक एका मिनिटात कळतो. ‘मग काय झालं?’ ही गोष्ट, ‘का झालं?’ हे कथानक.

आता बायका म्हणून हेच उदाहरण परत ऐका. राणी मेली, हे घडलं. ती दुःखाने मेली, हे कोणी ठरवलं? एका गटात मी हे सांगितलं तेव्हा नववीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, राजा मेल्यावर राणीला जेवायला कोण देत होतं?” दुसरी म्हणाली, “आजारी असेल, दवाखान्यात नेलंच नसेल.” आम्ही सगळ्या हसलो, पण हे हसण्यावारी न्यायचं नाही. आपण किती पंचनामे वाचले आहेत! स्टोव्हचा भडका उडाला. पाय घसरून विहिरीत पडली. डोक्यावर परिणाम झाला होता. बाई मेली ही घटना खरी असते, आणि तिला जोडलेलं कारण कोणीतरी जोडलेलं असतं. तेही कथानकच की! त्यामुळे ‘का झालं?’ या प्रश्नापाशी आपण थांबायचं नाही. ‘हे कारण कोण सांगतंय?’ इथपर्यंत जायचं.

मी मुलींना कथानकासाठी तीन प्रश्न देते. वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायला सांगते.

पहिला : गोष्ट पुढे कोणामुळे सरकते? कोण ठरवतं, आणि कोणावर नुसतं घडतं?

दुसरा : घडलेल्याचं कारण कोण सांगतंय?

तिसरा : शेवट गोड झाला म्हणतो, तो कोणासाठी? त्याची किंमत कोणी दिली?

पाठ्यपुस्तकातले शब्द, म्हणजे आरंभ, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू, शेवट, हेही शिकवायचेच. परीक्षेत ते लागतात आणि उपयोगाचेही आहेत. पण ते शब्द म्हणजे घराचा नकाशा आहे. घरात कोणाचं काय चालतं हे त्या नकाशात दिसत नाही.

सुरुवात अवघड पुस्तकाने करायची गरज नाही. चिऊ-काऊच्या गोष्टीने करा. ती सगळ्यांना येते, अगदी जिला वाचायला अडतं तिलाही येते. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं, तो चिऊच्या दारात येतो आणि दार उघड म्हणतो. चिऊ आतून सांगते की थांब, बाळाला न्हाऊ घालतेय. मग अंग पुसतेय, मग काजळ घालतेय, मग निजवतेय. आता मुलींना पहिला प्रश्न विचारा. गोष्ट कोणामुळे पुढे सरकते? बहुतेक जणी म्हणतात, पावसामुळे. मग कोणीतरी म्हणते, चिऊ दार उघडत नाही म्हणून. बरोबर. दार कधी उघडायचं हे चिऊ ठरवते, म्हणून गोष्ट आहे. पहिल्याच हाकेला दार उघडलं असतं तर गोष्ट दोन ओळींत संपली असती.

मग विचारा, चिऊ करतेय काय? नेहमीचं उत्तर, “बहाणे.” इथे थोडं थांबा. मी हा प्रश्न अनेक गटांत विचारला आहे आणि बहुतेक वेळा कोणीतरी एक मुलगी, विशेषतः जिच्यावर धाकटी भावंडं सोपवलेली असतात ती, हळूच म्हणते, “बहाणे कशाला? तिला खरंच तेवढी कामं असतील.” झालं! त्या क्षणाला वर्ग बदलतो. एकीच्या वाचनात जो बहाणा, तो दुसरीच्या वाचनात दिवसभराचं काम. गोष्ट तीच आहे, शब्द तेच आहेत. फळ्यावर चिऊच्या कामांची यादी करा आणि प्रत्येकीला विचारा, यातलं तू आज सकाळी काय काय केलंस?

मग शेवटाकडे या. शेवट काय होतो, विचारा. एकीच्या घरी काऊ आत येतो आणि त्याला चटका बसतो. दुसरीच्या घरी चिऊ दार उघडून त्याला ऊब देते. तिसरीच्या घरी तो आत येऊन खाऊ फस्त करतो. मुली भांडायला लागतात, माझाच शेवट खरा म्हणून. त्यांना सांगा, की आपापल्या आईला, आजीला विचारून या. दुसऱ्या दिवशी आणखी दोन शेवट येतात. शेवट आकाशातून पडत नाही, सांगणारी तो निवडते, हे अशा रीतीने दहा वर्षांच्या मुलीलाही समजतं, आणि त्यासाठी एकही व्याख्यान द्यावं लागत नाही.

चिऊच्या दारावरूनच प्रतीकाकडे जाता येतं. प्रतीक म्हटलं की गाइडमध्ये कोष्टक असतं. कमळ म्हणजे पावित्र्य, दिवा म्हणजे ज्ञान, नदी म्हणजे जीवन. डावीकडची वस्तू, उजवीकडचा अर्थ, जोड्या जुळवा. असं शिकवलं की मुलींना वाटतं, लेखकाने एक कुलूप लावलंय आणि किल्ली फक्त बाईंकडे आहे. त्या वाचणं सोडतात आणि किल्लीची वाट बघतात.

मी वेगळं सांगते. प्रतीक आधी वस्तू असते. चिऊचं दार आधी दार आहे. पाऊस आत येऊ नये म्हणून लावलेलं. मग बघायचं, की ती वस्तू गोष्टीत किती वेळा येते, कोणत्या वळणावर येते, आणि ती कोणाच्या हातात असते. पुन्हा पुन्हा येणारं, वळणावर उभं असलेलं, कोणाच्या तरी ताब्यात असलेलं दार हळूहळू नुसतं दार राहत नाही. अर्थ बाहेरून चिकटवावा लागत नाही. कथानकच तो त्या वस्तूत भरतं. म्हणून कथानक आणि प्रतीक हे दोन धडे वेगळे शिकवू नका.

दाराचंच एक जगप्रसिद्ध उदाहरण मोठ्या मुलींना गोष्ट म्हणून सांगता येईल. नॉर्वेचा नाटककार इब्सेन याचं १८७९ सालचं ‘बाहुलीचं घर’. नोरा नावाची बाई. नवऱ्याच्या आजारपणात त्याला वाचवण्यासाठी तिने वडिलांची खोटी सही करून कर्ज काढलेलं असतं. सावकाराचं पत्र घरातल्या टपालपेटीत येऊन पडतं, आणि पेटीची किल्ली नवऱ्याकडे असते. बघा, आधी ती साधी पेटी आहे. पण बाईच्या आयुष्याचा निकाल तिच्याच घरात, तिला उघडता न येणाऱ्या पेटीत पडलेला आहे, हे समजलं की मुली श्वास रोखून ऐकतात. शेवटी नोरा घर सोडते आणि बाहेरून दार बंद झाल्याचा आवाज येतो. हा शेवट लोकांना सोसला नाही. जर्मनीत नोराची भूमिका करणाऱ्या नटीने हा शेवट करायला नकार दिला, तेव्हा १८८० साली इब्सेनला स्वतःच दुसरा शेवट लिहून द्यावा लागला, ज्यात नोरा झोपलेल्या मुलांकडे बघून मागे राहते. त्याला तो मनापासून नकोसा होता. नाटक तेच, फक्त शेवटची काही मिनिटं बदलली. मुलींना विचारा, त्या काही मिनिटांनी आधीच्या सगळ्या नाटकाचा अर्थ बदलतो का?

आता आपल्या घरातल्या गोष्टीकडे येऊ. सावित्री. इथे जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण कथानक एकीकडे आणि प्रतीक दुसरीकडे कसं जातं, हे या गोष्टीइतकं स्वच्छ क्वचित दिसतं.

आपण ऐकलेली सावित्रीची गोष्ट बहुतेक सत्यवानाच्या मरणापासून सुरू होते. पण महाभारताच्या वनपर्वात ती बरीच आधी सुरू होते. वनवासात युधिष्ठिर मार्कंडेय ऋषींना विचारतो, की द्रौपदीसारखी बाई पूर्वी कोणी झाली का? उत्तर म्हणून ऋषी ही कथा सांगतात. मद्र देशाचा राजा अश्वपती, त्याची मुलगी सावित्री. तिचं तेज पाहून कोणी मागणी घालायला धजत नाही. तेव्हा बाप तिला सांगतो, तूच जा आणि नवरा शोध. ती रथात बसून निघते. राज्य गेलेल्या, आंधळ्या द्युमत्सेनाचा वनात राहणारा मुलगा सत्यवान, त्याची ती निवड करते. परत आल्यावर नारद सांगतो, हा वर्षभरात मरणार. बाप म्हणतो, दुसरा निवड. ती नाही म्हणते. लग्न होतं, ती वनात राहायला जाते. तो दिवस जवळ येतो तशी ती तीन रात्री उपास करते. त्या दिवशी सत्यवानाबरोबर रानात जाते. लाकडं फोडताना त्याचं डोकं दुखतं, तो तिच्या मांडीवर डोकं ठेवतो, आणि यम येतो. यम निघतो, ती मागे चालत राहते आणि बोलत राहते. यम एकेक वर देतो. सासऱ्याची दृष्टी. सासऱ्याचं राज्य. आपल्या बापाला शंभर मुलगे. मग स्वतःला शंभर मुलगे. हा चौथा वर देऊन यम अडकतो, कारण सत्यवान नसेल तर तो वर खरा कसा होणार? सत्यवान परत मिळतो.

आता पहिला प्रश्न लावा. गोष्ट कोणामुळे पुढे सरकते? जवळजवळ प्रत्येक वळणावर सावित्रीमुळे. ती प्रवासाला जाते, ती निवडते, ती बापाला आणि नारदाला नाही म्हणते, ती यमाशी युक्तिवाद करते. सत्यवान कथेत बराच वेळ झोपलेला किंवा मेलेला आहे! मुलींना क्रियापदांची यादी करायला सांगा. सावित्रीच्या नावावर काय येतं? निघाली, निवडलं, नाकारलं, चालली, बोलली, मागितलं, जिंकलं.

आणि आपल्या हाती प्रतीक कोणतं उरलं? वड. महाभारतातल्या कथेत वडाला काही स्थान नाही. वड आला तो व्रताच्या परंपरेतून. ज्येष्ठी पौर्णिमेला वडाला सूत गुंडाळायचं, फेऱ्या घालायच्या, सात जन्म हाच नवरा मागायचा. वड हे प्रतीक म्हणून काही वाईट नाही. दीर्घायुषी झाड, पारंब्या जमिनीत रुजवून पसरणारं, सावली देणारं. पण बघा काय झालं. कथानकात सावित्री सरळ रेषेत चालत जाते, यमाच्या मागे, माणसाने जाऊ नये तिथपर्यंत. प्रतीकात बाई एका जागी गोल फिरते. कथानकात ती बोलून जिंकते, प्रतीकात ती मुकाट्याने दोरा गुंडाळते. कथानकात ती नवरा निवडते, आणि व्रत जी करते तिचा नवरा बहुधा दुसऱ्यांनी निवडलेला असतो. रथ, वनवाट, युक्तिवाद यांतलं काहीच प्रतीक म्हणून उरलं नाही. कुठली वस्तू प्रतीक होणार हेही कोणीतरी निवडतं. मुलींना विचारा, तुम्ही सावित्रीच्या गोष्टीचं चित्र काढलंत तर कुठल्या प्रसंगाचं काढाल? माझ्या गटातल्या एकीने रथ काढला होता आणि लगाम सावित्रीच्या हातात दिला होता. रथ ती स्वतः हाकत होती असं कथेत नाही. पण चित्र तिचं होतं.

एक गोष्ट मात्र सांभाळा. सावित्रीला लगेच आपली पुढारी करून टाकू नका. तिसरा प्रश्नही लावा. एवढी हुशारी, एवढं धैर्य, आणि मागितलं काय? सासरा, बाप, मुलगे, नवरा. एकाही वरात मुलगी नाही. जिचा बाप मुलीमुळे धन्य झाला, तिच्याच गोष्टीत शंभर-शंभर मुलगेच का? हे मुली आपणहून विचारतात. विचारू द्या. एखादीला सावित्री तरीही आवडेल, एखादीला राग येईल. दोन्ही कथेतूनच सिद्ध करता आलं म्हणजे झालं. आणि दुसरं, या मुलींच्या आया वडाला जातात. उपास करणाऱ्या आईची टिंगल गटात होऊ देऊ नका. कितीतरी बायकांना वर्षातून एकदा मैत्रिणींबरोबर नटून घराबाहेर पडायला मिळतं ते त्याच दिवशी. तेही गोष्टीत धरायला हवं.

आता तिसरं उदाहरण, नववी-दहावीच्या मुलींसाठी. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी. १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आली. यमू स्वतःची कहाणी सांगते. पुरुष लेखक, पण बाईच्या तोंडून ‘मी’. कारण कोण सांगतंय, हा दुसरा प्रश्न इथे फार महत्त्वाचा ठरतो. घरच्यांच्या तोंडून हीच कहाणी आली असती तर ‘नशिबाने विधवा झाली’ एवढंच झालं असतं. यमू सांगते म्हणून आपल्याला दिसतं की नशिबाच्या मागे माणसं उभी आहेत.

कथानकाचा आराखडा बघा. कडक बापाच्या घरातलं बालपण. लहान वयात लग्न. नवरा रघुनाथराव मात्र शिकलेला आणि समंजस. त्याच्या पाठिंब्याने यमूचं लिहिणं-वाचणं वाढतं, मुंबईला दोघांचा मोकळा संसार होतो. वाचताना वाटतं, सुटली एकदाची! आणि रघुनाथराव मरतो. यमू पुन्हा सासरच्या ताब्यात. शंकरमामंजींच्या राज्यात तिच्या इच्छेविरुद्ध तिचं केशवपन होतं. पुढे तीही जाते.

गाइड म्हणेल, ही विधवांच्या दुःखाची करुण कहाणी आहे. खरं आहे. पण आराखडा आणखी काही सांगतो. यमूचं सगळं सुख एका खिळ्यावर टांगलेलं होतं, तो खिळा म्हणजे चांगला नवरा. तो होता तोवर पुस्तकं होती, फिरणं होतं, मान होता. तो गेल्याबरोबर एकेक करून सगळं काढून घेता आलं, कारण त्यातलं काहीच तिचं नव्हतं, मेहेरबानीने मिळालेलं होतं. एका मुलीने हे आपल्या शब्दांत लिहिलं होतं, “नवरा चांगला होता, पण घर कोणाचं होतं?” मैत्रिणींनो, घर दोघांच्या नावावर करा म्हणून आपण गावोगाव जे सांगतो, त्याचं कारण या मुलीने एका वाक्यात लिहिलं.

आणि केस. केस हे या कादंबरीतलं प्रतीक आहे का? आहे. पण घाई करू नका. आधी ते यमूच्या डोक्यावरचे केस आहेत. वस्तरा लागतो तो खऱ्या कातडीला. ‘केस म्हणजे स्त्रीत्व’ असं कोष्टक लिहिलं की जखम दिसेनाशी होते. म्हणून विचारायचं, हे केस कोणाच्या ताब्यात आहेत? कोण हुकूम देतं, आणि वस्तरा कोणाच्या हातात आहे?

वस्तऱ्याच्या प्रश्नावर मी मुलींना पुस्तकाबाहेरची एक हकीकत सांगते. कादंबरी सुरू झाली त्याच १८९० साली मुंबईत सत्यशोधक कार्यकर्ते आणि कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी समाजाची सभा झाली आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरलं. कादंबरीत केशवपन होतंच, ते टळत नाही. बाहेर मात्र वस्तरा धरणारे हात नाही म्हणत होते. त्याच काळात, १८८९ साली, पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. तिथे शिकलेल्या गोदूबाई या विधवा मुलीशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली लग्न केलं. म्हणजे यमूचा शेवट होत होता तेव्हाच, त्याच पुण्यात, दुसऱ्या एका विधवेच्या कहाणीला वेगळं वळण मिळत होतं. मग हरिभाऊंनी तो शेवट का घेतला नाही? मुलींना यावर वाद घालू द्या. एक बाजू म्हणते, सगळ्याच बायकांना तेव्हा शारदा सदन मिळालं नाही, बहुतेकींचं यमूसारखंच झालं, म्हणून तोच शेवट खरा. दुसरी म्हणते, वाट दाखवायला हवी होती. कादंबरीच्या नावातला प्रश्न वाचणाऱ्याला विचारलेला आहे, एवढं लक्षात आलं की हा वाद आणखी रंगतो.

आणि एक. दलित वस्तीतल्या गटात ही कादंबरी घेतली तेव्हा एक मुलगी म्हणाली, “आमच्या आजीचे केस कोणी काढले नाहीत. तिला पाटी उचलून दुसरीचा संसार करायला लागला.” पाटी म्हणजे डोक्यावरून वाहिलेल्या मातीची पाटी, रोजंदारीवरची. बरोबर बोलली ती. केशवपन ही मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या जातींमधली चाल. सगळ्या बायकांचं दुःख एका प्रतीकात बसवता येत नाही. म्हणून यमूच्या शेजारी बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ ठेवा, शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ ठेवा. तिथे केसांपेक्षा भाकरी, पाणी, लुगडं या वस्तूंवर अर्थ साठलेला दिसेल. वस्तू बदलल्या की बाईवरच्या अन्यायाचं रूप कसं बदलतं, हे मुलींनी स्वतः शोधायचं.

आता थोडं पथ्याबद्दल.

पहिलं पथ्य. गाइड काढून घेऊन आपलं गाइड देऊ नका. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी “म्हणून पितृसत्ता वाईट” असं मुली लिहायला लागल्या, तर ते वाक्य खरं असलं तरी स्वमत नव्हे. दुसरं. सगळीकडे प्रतीक शोधायला लावू नका. कधीकधी पाऊस हा पाऊसच असतो. परत येत नसेल, वळणावर नसेल, तर सोडून द्या. तिसरं. मुलीने कथेच्या आडून स्वतःचं काही सांगितलं तर तिथल्या तिथे सगळ्यांसमोर उकरू नका. “चिऊला दार उघडायची भीती वाटत असेल” असं एखादी म्हणाली, तर गटात चिऊबद्दलच बोला. नंतर तिच्याजवळ एकटीजवळ बसा. गोष्टीचा पडदा तिने वापरला आहे, तो तिचा आहे. चौथं. परीक्षेची भीती मुलींच्या आणि आई-बापांच्या मनात असते, तिला हसू नका. या पद्धतीने वाचलेल्या मुलीला आरंभ, उत्कर्षबिंदू, शेवट हे उलट जास्त नीट लिहिता येतात, कारण तिने ते शोधलेले असतात.

एका बैठकीला तासभर पुरतो. पहिली दहा मिनिटं एकीने गोष्ट मोठ्याने वाचायची. मग वीस मिनिटं तीन प्रश्न, दोघी-दोघींनी. मग एखादी वस्तू निवडून ती कुठे कुठे येते त्याच्या खुणा करायच्या. शेवटी प्रत्येकीने चार ओळी स्वतःच्या लिहायच्या, चुकलेल्या ऱ्हस्व-दीर्घासकट. तुम्ही त्या लाल पेनने तपासायच्या नाहीत.

या चार ओळींबद्दल एक सांगून संपवते. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ताबाई, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी, शाळकरी वयाची मातंग मुलगी. आपल्या लोकांच्या दुःखाचं जे कारण शास्त्राच्या नावाने दिलं जात होतं, ते तिने मान्य केलं नाही. ज्या धर्मात आपल्याला जागाच नाही तो आपला कसा, असा तिचा सवाल होता. घटना सगळ्यांना दिसत होत्या, कारण तिने स्वतः जोडलं. आधी कोणी लिहून दिलेलं उत्तर तिच्यापुढे नव्हतं. तिच्या शाळेत तिला विचारणारे शिक्षक होते आणि लिहिलेलं छापणारं पत्र होतं, एवढं मात्र होतं.

आपल्या गटांतल्या मुलींसाठी एवढं तरी आपण करू शकतो. येत्या महिन्यात प्रत्येकीने आपल्या गटात एकच गोष्ट घ्या, चिऊ-काऊची घेतलीत तरी चालेल. मुलींनी सांगितलेले सगळे शेवट लिहून आणा, कोणत्या गावातून कोणता आला ते टिपून. पुढच्या शिबिरात ते एकमेकींना वाचून दाखवू, आणि आपल्या अंकातही काही छापू, मुलींच्याच शब्दांत.